कसेल त्याची जमीन, बोलेल त्याची भाषा

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या ईशान्येस, द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात पार्ल नावाचे गाव आहे. या गावाच्या डोंगरावर १० ऑक्टोबर १९७५ रोजी एका भाषेच्या स्मारकाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. भाषेचे नाव आफ्रिकान्स. राजांची आणि सेनापतींची स्मारके जगात ठायी ठायी आढळतात. परंतु भाषेसाठी डोंगरमाथ्यावर ५७ मीटर उंचीचा सुळका उभारणारे राज्यकर्ते विरळाच. या स्मारकाच्या रचनेत युरोपीय वारशासाठी स्तंभ आहेत, आफ्रिकेसाठी घुमटाकार आकृत्या आहेत आणि मलय भाषा-संस्कृतीसाठी या दोहोंच्या मधोमध एक भिंत आहे.

या सोहळ्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १६ जून १९७६ रोजी, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीतील शाळकरी मुले याच भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मृतांमध्ये हेक्टर पीटरसन हा बारा वर्षांचा मुलगा होता. पुढील काही महिन्यांत देशभर पसरलेल्या या वणव्यात बळी पडलेल्यांची संख्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाने ५७५ अशी नोंदवली.

तेव्हापासून जगाच्या मनात आफ्रिकान्सची एक प्रतिमा पक्की झाली. ती गोऱ्या मालकाची भाषा, परवाने तपासणाऱ्या पोलिसाची भाषा, वर्णभेदाची भाषा. ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांच्या मनात ही प्रतिमा असावी, यात नवल काही नाही. परंतु तिचा पहिला रंग कोणी भरला, हे विसरून चालणार नाही. 'आफ्रिकान्स आमची आहे, आमच्या वाडवडिलांनी ती हॉलंडहून आणली, आमच्या शुद्ध रक्तासारखीच ती शुद्ध आहे', असा दावा प्रथम वर्णवर्चस्ववाद्यांनी केला. त्यांच्या विरोधकांनी तो दावा निमूटपणे मान्य करून भाषेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. चोराने मालावर सांगितलेला हक्क फिर्यादीनेच कबूल करावा, असा हा प्रकार आहे. चोरी झाली ती कोणाच्या घरी, हा प्रश्न मग कोणी विचारीतच नाही.

वखारीतला जन्म

१६०२ मध्ये स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांतील वलंदेजांची कंपनी. कोकणात वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात तिची वखार होती. ६ एप्रिल १६५२ रोजी या कंपनीचा नोकर यान फान रिबेक केपच्या किनाऱ्यावर उतरला तो राष्ट्र उभारण्यासाठी नव्हे, आणि भाषेची पेरणी करण्यासाठी तर नव्हेच. पूर्वेकडे जाणाऱ्या गलबतांना ताजा भाजीपाला, मांस आणि गोडे पाणी पुरवणारा एक तळ कंपनीला हवा होता. अॅम्स्टरडॅमच्या भागधारकांच्या दृष्टीने केपची वसाहत ही जमाखर्चाच्या वहीतील खर्चाची एक बाब होती आणि हा खर्च कमी करण्याचा त्या काळचा रूढ मार्ग होता गुलाम.

१६५८ पासून गुलामांची जहाजे केपला येऊ लागली. इतिहासकार रॉबर्ट शेल यांच्या अंदाजाप्रमाणे दीडशे वर्षांत सुमारे ६३ हजार माणसे अशा रीतीने तेथे आणली गेली. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा हिंदुस्थानातून, म्हणजे बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून आला. उरलेले मादागास्कर, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि आजचा इंडोनेशिया येथून आले. माणसाचे मूळ नाव पुसून त्याच्या मुलखाचे नाव त्याला चिकटवले जाई. 'फान बेंगालन' म्हणजे बंगालचा, 'फान मलबार' म्हणजे मलबारचा. अशाच एका अंजेला फान बेंगालन नावाच्या स्त्रीची १६६६ मध्ये गुलामीतून मुक्तता झाली आणि तिने पुढे एका वसाहतकऱ्याशी विवाह केला. रक्तशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्या कित्येक आफ्रिकानर घराण्यांच्या वंशावळीत ही बंगाली आजी बसलेली आहे.

डच भाषेचा केपमधील पहिला वर्गही याच गुलामांसाठी भरला. १६५८ मध्ये उघडलेल्या या शाळेत विद्यार्थ्यांना धड्यासाठी ब्रँडीचा एक पेला आणि तंबाखूचा तुकडा बक्षीस मिळत असे. फान रिबेकनेच आपल्या रोजनिशीत तशी नोंद केली आहे. मालकाचा हुकूम समजण्यापुरती भाषा शिकवणे आणि त्याच वेळी व्यसनही लावणे, अशी ही शिक्षणपद्धती होती. पुढे केपच्या मळ्यांत मजुरीचा काही भाग दारूच्या रूपाने देण्याची प्रथा विसाव्या शतकापर्यंत टिकली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पहिल्या शाळेतील धडा किती दूरवर पोहोचला याची कल्पना येते.

स्थानिक खोइखोइ पशुपालकांचा वाटाही असाच झाकला गेला. क्रोतुआ ही खोइखोइ मुलगी फान रिबेकच्या घरात वाढली, डच आणि पोर्तुगीज शिकली, आणि कंपनीची दुभाषी म्हणून वावरली. पशूंचा सौदा असो वा तहाची बोलणी, तिच्यावाचून कंपनीचे पान हलत नव्हते. गरज संपल्यावर तिची रवानगी रॉबेन बेटावर झाली आणि १६७४ मध्ये तिचा अंत झाला. तीनशे वर्षांनंतर नेल्सन मंडेला ज्या बेटावर कैदेत होते, तेच हे बेट.

१६८५ मध्ये कंपनीचा आयुक्त फान रेडे केपची पाहणी करण्यास आला. मलबारच्या वनस्पतींवरील महाग्रंथ सिद्ध करणारा आणि पुढे सुरतेला दफन झालेला हा अधिकारी डोळस होता. केपमधील देशी माणसे मोडकी डच बोलतात, डच माणसेही त्यांचीच लकब उचलतात आणि मुलांच्या तोंडी हीच भाषा बसते, तेव्हा ही मोड पुढे आवरणे कठीण जाईल, अशी नाराजी त्याने नोंदवून ठेवली. ज्याला त्याने 'मोड' म्हटले ती वस्तुतः एका नव्या भाषेची उगवण होती. अठराव्या शतकात बराच काळ केपमध्ये गुलामांची संख्या मुक्त वसाहतकऱ्यांहून अधिक होती. ज्या घरात स्वयंपाक गुलाम स्त्री करते, मूल गुलाम स्त्री वाढवते आणि मळ्यात काम गुलाम पुरुष करतो, त्या घराची बोली मालकाच्या दिवाणखान्यात ठरत नसते.

शब्दांची साक्ष

आफ्रिकान्सच्या शब्दसंग्रहाचा नऊदशांशांहून अधिक भाग डच मुळाचा आहे, हे कोणी नाकारीत नाही. वर्णवर्चस्ववादी पंडितांचा सारा भर या एका आकड्यावर असे. परंतु अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा असा आहे की, कच्चा माल म्हणजे पक्का माल नव्हे. कापूस कोठून आला यावरून कापड कोणी विणले हे सिद्ध होत नाही. डच शब्दांचा कापूस हॉलंडचा होता. माग चालवणारे हात दुसऱ्यांचे होते.

डच माणूस 'मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत' यासाठी क्रियापदाची निरनिराळी रूपे वापरतो: 'बेन', 'बेंट', 'झेइन'. आफ्रिकान्समध्ये या सर्वांसाठी 'इस' हे एकच रूप पुरते. डच नामांचे लिंगभेद आफ्रिकान्समध्ये लोपले. अनेक मातृभाषांच्या प्रौढ माणसांना एकच परकी भाषा घाईने, कामाच्या धबडग्यात आणि कोणाच्या शिकवणीवाचून आत्मसात करावी लागते तेव्हा व्याकरणाचे हेच घडते. याउलट आफ्रिकान्समध्ये शब्दाची द्विरुक्ती आली, जी डचमध्ये अशी चालत नाही. 'स्टुक' म्हणजे तुकडा आणि 'स्टुक-स्टुक' म्हणजे तुकड्यातुकड्याने. 'हसणे' या क्रियापदाचे रूप दोनदा उच्चारले की 'अगदी सहजपणे' असा अर्थ होतो. 'हसत हसत केले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला या रचनेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. मलयभाषकाच्या जिभेवरही ती अशीच खेळते. अॅम्स्टरडॅमच्या माणसाला मात्र ती शिकावी लागते.

शब्दांकडे पाहिले तर घराचा नकाशाच उलगडतो. केळ्याला 'पिसांग', बशीला 'पीरिंग', पुष्कळ याला 'बाया', हे शब्द मलय आहेत, म्हणजे स्वयंपाकघरातले आणि बाजारातले आहेत. मूल पाठुंगळी घेणे याला 'आबा', हा शब्द खोइखोइ भाषेतला आहे, कारण मालकाचे मूल पाठुंगळी कोण वाहत होते हे उघड आहे. त्याखेरीज तीन शब्द असे आहेत की ते मराठी वाचकाला थबकवतील. मुले सांभाळणारी बाई ती 'आया'. हा पोर्तुगीज शब्द मराठीतही तसाच आहे. कैदखाना तो 'ट्रोंक'. पोर्तुगीज 'त्रोंको'पासून तो आला आणि मराठीतील 'तुरुंग' त्याच मुळाचा. आणि कातड्याचा आसूड तो 'साम्बॉक'. फारसी-हिंदुस्थानी 'चाबूक' मलय भाषेत गेला, तेथून गुलामांबरोबर केपला पोहोचला आणि तीन शतकांनी वर्णभेदी पोलिसांच्या हाती दिसला. आया, तुरुंग आणि चाबूक! हॉलंडच्या 'शुद्ध' वारशाच्या गप्पा मारणाऱ्यांनी या तीन शब्दांचा हिशेब द्यावा. गुलामगिरीची सारी व्यवस्था त्यांत सामावली आहे.

हे सत्य विद्वानांना ठाऊक नव्हते असे नाही. लायडेनचे पंडित हेसेलिंग यांनी १८९९ मध्येच आफ्रिकान्सच्या घडणीत गुलामांच्या मलय-पोर्तुगीज बोलीचा प्रभाव दाखवून दिला होता. त्यावर बॉसमनसारख्या आफ्रिकानर प्राध्यापकांनी 'स्वाभाविक विकासा'चा सिद्धान्त पुढे केला. गोऱ्यांच्या तोंडी डच भाषा आपोआपच बदलली, इतरांचा तिच्याशी फारसा संबंध नाही, असे या सिद्धान्ताचे सार. १९६६ मध्ये फाल्कहॉफ यांनी हा प्रश्न नव्याने मांडला तेव्हा विद्यापीठांना तो रुचला नाही. बोलीभाषांचे काही बदल खुद्द हॉलंडमध्येही आढळतात, हा मुद्दा रास्त होता आणि आहे. परंतु एका रास्त मुद्द्याच्या आडून हजारो माणसांना इतिहासातून हद्दपार करणे हे भाषाशास्त्र नव्हे, ती राजनिष्ठा होय.

स्वयंपाकघरातून सिंहासनावर

एकोणिसाव्या शतकात केपमधील प्रतिष्ठित गोरा माणूस चर्चमध्ये डच आणि कचेरीत इंग्रजी वापरी. आफ्रिकान्सला तो 'स्वयंपाकघरातील भाषा' म्हणून हिणवी. त्याच काळात ही भाषा कागदावर उतरवण्याचे काम केपच्या मदरशांत चालू होते. तिदोर बेटाच्या राजकुळातील तुआन गुरू या धर्मपंडिताला डचांनी १७८० मध्ये रॉबेन बेटावर आणून टाकले होते. सुटकेनंतर, १७९३ मध्ये, त्यांनी केप टाउनमध्ये मदरसा सुरू केला. गुलामांची आणि मुक्त झालेल्या गुलामांची मुले तेथे अक्षरे गिरवू लागली. या परंपरेतून पुढे अरबी लिपीत आफ्रिकान्स लिहिली जाऊ लागली. १८६३ मध्ये ऑटोमन सुलतानाने पाठवलेले अबू बकर एफेंडी केपला आले, तेव्हा विद्यार्थ्यांना शिकवायचे तर हीच भाषा शिकणे त्यांना भाग पडले. त्यांनी तीत लिहिलेला धर्माचारावरील ग्रंथ १८६९ मध्ये पूर्ण झाला आणि १८७७ मध्ये इस्तंबूलला छापला गेला. ज्या ध्वनींना अरबीत अक्षर नाही त्यांच्यासाठी खुणा योजून एफेंडींनी ही बोली जशी कानांवर पडली तशी टिपली. गुलामांच्या वंशजांच्या या वह्यांचा अभ्यास करून अहमद डेव्हिड्स यांनी ही हकीकत जगापुढे मांडली, तोवर विसावे शतक संपत आले होते.

पार्लच्या गोऱ्या धर्मोपदेशकांनी आणि शिक्षकांनी 'खऱ्या आफ्रिकानरां'चे मंडळ स्थापन केले ते १४ ऑगस्ट १८७५ रोजी. १९७५ च्या स्मारकाने शताब्दी साजरी केली ती या मंडळाची, मदरशाची नव्हे. 'खरे आफ्रिकानर' या शब्दप्रयोगातच खोटे कोण हे ठरवण्याचा अधिकार गृहीत धरलेला आहे.

स्वयंपाकघरातील भाषेला एकाएकी राष्ट्रभाषेची वस्त्रे का चढवली गेली? ब्रिटिश साम्राज्याने बोअर शेतकऱ्यांवर केलेला अन्याय खरा होता. १८९९ ते १९०२ च्या युद्धात ब्रिटिशांच्या छळछावण्यांत २६ हजारांहून अधिक बोअर स्त्रिया आणि मुले मेली. त्याच युद्धात कृष्णवर्णीयांसाठीच्या निराळ्या छावण्यांतही हजारो माणसे मेली, त्यांची आठवण मात्र कोणी ठेवली नाही. या जखमेवर आफ्रिकानर मध्यमवर्गाने आपली इमारत बांधली. १९१५ मध्ये नॅसिओनाले पेर्स ही वृत्तपत्रसंस्था, १९१८ मध्ये सान्लाम ही विमा कंपनी आणि ब्रूडरबाँड ही गुप्त संघटना, १९३४ मध्ये फोल्क्सकास ही बँक. १९२५ मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९३९ मध्ये ब्लुमफाँटेनच्या आर्थिक परिषदेत आफ्रिकानरांची बचत आफ्रिकानर भांडवलाच्या हाती एकवटण्याचा कार्यक्रम ठरला. भाषेचे प्रेम आणि ठेवींची जमवाजमव हातात हात घालून चालली.

गरीब गोऱ्या कामगारालाही या व्यवहारात एक हिस्सा मिळाला आणि त्यात त्याचे माणूसपण हरवले. १९२२ मध्ये रँडच्या खाणकामगारांनी संप केला. जगातील कामगारांनो, एक व्हा आणि गोऱ्यांच्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा, अशा अर्थाचे फलक त्या संपात फडकले. श्रमिकांच्या चळवळीला इतकी लाजिरवाणी घोषणा क्वचितच लाभली असेल. स्मट्स सरकारने तो उठाव तोफा आणि विमाने वापरून चिरडला. परंतु त्या घोषणेतील विष टिकले आणि १९४८ मध्ये ते सत्तेवर आले.

सत्तेवर आलेल्या 'भाषाभक्तां'नी काय केले? केपच्या मिश्रवंशीय समाजाला, म्हणजे गुलामांच्या आणि खोइखोइंच्या आफ्रिकान्सभाषी वारसांना, १९५६ मध्ये गोऱ्यांबरोबरच्या सामाईक मतदारयादीतून काढले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केप टाउनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही त्यांची जुनी वस्ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली. पुढील वर्षांत साठ हजारांवर माणसे तेथून उठवून शहराबाहेरच्या वाळूच्या माळावर फेकली गेली. भाषा ज्यांच्या तोंडी घडली त्यांची घरे बुलडोझरखाली जात असताना त्याच भाषेचे स्मारक डोंगरावर उभे राहिले. १९७४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याचा हुकूम निघाला आणि त्याच वर्षी आंद्रे ब्रिंक यांच्या आफ्रिकान्स कादंबरीवर बंदी आली. भाषेवर प्रेम असते तर सरकार तिच्या लेखकाला भ्याले नसते. प्रेम मालकीवर होते.

आज वारस कोण?

१९९४ मध्ये ते राज्य गेले आणि १९९६ च्या घटनेने अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. २०२२ च्या जनगणनेत आफ्रिकान्स ही झुलू आणि खोसा यांच्या खालोखाल तिसऱ्या क्रमांकाची घरभाषा आहे, १०.६ टक्के लोक ती घरात बोलतात. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ६८ लाख भाषक नोंदले गेले. त्यांतील गोरे सुमारे २७ लाख होते, तर निम्मे भाषक मिश्रवंशीय होते. म्हणजे बहुसंख्या गोऱ्यांची नाहीच. केपच्या वस्त्यांतील कामगार, द्राक्षमळ्यांतील मजूर, मच्छीमार आणि घरकाम करणाऱ्या बायका हेच या भाषेचे आजचे घर आहे.

आणि भांडवलाचे काय झाले? नॅसिओनाले पेर्स आज नॅस्पर्स या नावाने वावरते. तिने २००१ मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीत पैसा घातला आणि त्यावर ती गडगंज झाली. भारतात घरपोच अन्न पोहोचवणाऱ्या स्विगीतही तिच्या समूहाचे भांडवल गुंतले. भाषेच्या शिडीने माडीवर चढलेल्या भांडवलाला आता शिडीची गरज उरलेली नाही. भांडवलाला मातृभाषा नसते, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत कोणते पाठ्यपुस्तक सांगेल?

विद्यापीठांतील आजचा वाद या प्रकाशात पाहिला पाहिजे. स्टेलेनबॉश विद्यापीठाने २०१६ मध्ये इंग्रजीला अग्रस्थान देणारे धोरण स्वीकारले. २०१९ मध्ये घटना न्यायालयाने त्याविरुद्धचे आव्हान फेटाळले. आफ्रिकान्सच्या वर्गांच्या आडून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दूर ठेवले जात होते, ही तक्रार खरी होती आणि तो अडसर दूर होणे न्याय्यच होते. परंतु रिकाम्या झालेल्या खुर्चीवर कोण बसले? खोसा बसली नाही, झुलू बसली नाही, इंग्रजी बसली. जणू काही इंग्रजी ही पापमुक्त, तटस्थ भाषा आहे! हिऱ्यांच्या आणि सोन्याच्या खाणींचे भांडवल, मजुरांची कोंडवाडेवजा वसतिगृहे, ऱ्होड्सची साम्राज्यलालसा यांचा कारभार कोणत्या भाषेत चालत होता? १८३४ मध्ये गुलामगिरी संपवताना ब्रिटिश संसदेने साम्राज्यातील मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली आणि गुलामांना एक पैही दिली नाही. तो कायदा इंग्रजीतच लिहिला गेला होता. अत्याचाऱ्याच्या तोंडी होती म्हणून भाषा दोषी ठरत असेल, तर या न्यायाने जगात एकही मोठी भाषा निर्दोष सुटणार नाही.

दोष भाषेचा नसतो, तो मालकीहक्काचा असतो. एका बाजूला जुने धनी आपल्या कुंपणाला 'भाषेचे रक्षण' हे नाव देतात. दुसऱ्या बाजूला नवा सुशिक्षित वर्ग इंग्रजीच्या जिन्यावरून वर चढतो आणि मागे वळून पाहत नाही. या दोघांच्या भांडणात केपच्या मळ्यातील मजुराच्या मुलीला कोणी विचारीत नाही. तिची आफ्रिकान्स शुद्ध नाही म्हणून ती पहिल्यांना नको असते, आणि आफ्रिकान्स आहे म्हणून दुसऱ्यांना. तिच्या बोलीला 'काप्स' म्हणतात. या बोलीच्या त्रिभाषी कोशाच्या कामाला वेस्टर्न केप विद्यापीठाने २०२१ मध्ये हात घातला. स्मारकाला शंभर वर्षांचे निमित्त पुरले. गुलामांच्या बोलीला कोश मिळू लागण्यासाठी मात्र साडेतीनशे वर्षे लागली.

म्हणून मागणी एकच असू शकते. आफ्रिकान्स तिच्या बहुसंख्य भाषकांच्या, म्हणजे श्रमिकांच्या, स्वाधीन व्हावी. शाळेपासून विद्यापीठापर्यंत, न्यायालयापासून दवाखान्यापर्यंत त्यांना तिचा हक्क मिळावा, आणि तोच हक्क, तितक्याच खर्चाने, खोसाला, झुलूला, सोथोला मिळावा. पैशाची तरतूद नसलेली अकरा भाषांची समता म्हणजे इंग्रजीची सत्ता होय.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी आणि समाजवाद्यांनी एकेकाळी गावोगाव पोहोचवली. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे याला तिच्यात महत्त्व नव्हते. घाम कोणाचा गळला याला होते. केपच्या भाषेचा सातबारा शंभर वर्षे पार्लच्या मंडळाच्या नावावर होता. तिच्यात घाम गळला तो बंगालच्या, मलबारच्या, जावाच्या, मादागास्करच्या माणसांचा आणि खोइखोइंचा. तो उतारा आता दुरुस्त झाला पाहिजे.